साच्यातले काही सेकंद

पेण शहरात आणि शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे काम वर्षभर चालते. शाडूची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा ओली, जड आणि नाजूक असते. ती उन्हात ठेवली तर लवकर वाळेल, असे नवख्याला वाटते. जुना कारागीर मात्र तसे करू देत नाही. उन्हात मूर्तीचा बाहेरचा थर आधी वाळतो आणि आकसतो. आतली माती अजून ओलीच असते, ती त्याच्याबरोबर आकसत नाही. या ओढाताणीत मूर्तीला तडा जातो. म्हणून मूर्ती सावलीत, दमादमाने वाळवायची. साच्याने आकार मिळतो, पण वस्तू कशी निपजेल हे ती कशी घट्ट झाली यावर ठरते.

हाच नियम पेणपासून थोड्याच अंतरावर तयार होणाऱ्या एका अगदी वेगळ्या पदार्थालाही लागू पडतो. पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कासू मागे पडले की नागोठणे येते. रोहा तालुक्यातल्या या गावाजवळ इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे आयपीसीएल या सरकारी कंपनीने मोठा पेट्रोरसायन प्रकल्प उभारला. समुद्रातून उरणला येणाऱ्या नैसर्गिक वायूतले इथेन आणि प्रोपेन हा त्याचा कच्चा माल. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलचे व्यवस्थापन रिलायन्सकडे सोपवले आणि २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. इथून पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन बाहेर पडते ते साबुदाण्यासारख्या पांढुरक्या दाण्यांच्या रूपात. पोत्यांत भरलेले असे दाणे देशभरातल्या मोल्डिंगच्या कारखान्यांत जातात आणि तिथे त्यांच्या बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणे, खुर्च्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजही बनतात.

पॉलिप्रोपिलीनच्या याच घराण्यातून एकीकडे दुधी, अपारदर्शक डबा निघतो आणि दुसरीकडे बऱ्यापैकी आरपार दिसणारी सिरिंज. दाण्याचा दर्जा वेगळा असतो हे खरेच. पण दर्जा तोच ठेवला तरी एका यंत्रावरचा माल स्वच्छ आणि शेजारच्या यंत्रावरचा धुरकट निघू शकतो. फरक पडतो तो वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरल्यापासून घट्ट होईपर्यंतच्या काही सेकंदांत.

बुडबुडा दिसला पाहिजे

ही गोष्ट नुसत्या दिसण्याची नाही. परिचारिका औषध भरलेली सिरिंज उजेडाकडे धरते, बोटाने टिचकी मारते, हवेचा बुडबुडा वर आला की दट्ट्या हलकेच दाबून तो बाहेर काढते. मग औषधाची पातळी रेघेशी जुळते का ते बघते. बुडबुडा राहिला तर तेवढे औषध कमी जाते. लहान मुलाच्या लसीत किंवा इन्शुलिनमध्ये हा फरक लहान राहत नाही. सलाइनच्या बाटलीत काही कण तरंगत आहेत का, औषधाचा रंग बदलला आहे का, हेही शेवटी डोळ्यांनीच पाहावे लागते. प्लास्टिकची भिंत धुरकट असेल तर ही शेवटची तपासणी दुबळी होते.

घरातली बाळाची दुधाची बाटलीही तशीच. पूर्वी या बाटल्या पॉलिकार्बोनेट नावाच्या काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या असत. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन दुधात उतरण्याच्या चिंतेमुळे भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये दुधाच्या बाटल्यांच्या मानकातून पॉलिकार्बोनेट बाहेर काढले. त्याची जागा मुख्यतः पॉलिप्रोपिलीनने घेतली. बाळाला वरचे दूध द्यायचेच असेल तर ते वाटी-चमच्याने द्या, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. तरीही बाटली वापरली जाते तिथे तिच्या कोपऱ्यात साचलेला दुधाचा थर आईला दिसणे फार गरजेचे असते. मुळात दुधी असणारे पॉलिप्रोपिलीन स्वच्छ कसे करायचे, हा प्रश्न त्यामुळे आरोग्याचाही झाला.

रवाळ तुपाची गोष्ट

पॉलिप्रोपिलीन मुळात दुधी का असते, याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. कढवलेले तूप गरम असताना पिवळसर पण आरपार दिसते. गार झाले की ते पांढरट होते. तेच तूप सावकाश गार झाले तर त्यात मोठे, ठळक रवे पडतात. भांडे गार पाण्यात ठेवून झटकन थंड केले तर ते गुळगुळीत राहते. तूप एकच, पण थंड होण्याचा वेग वेगळा.

वितळलेले पॉलिप्रोपिलीनही असेच आरपार दिसते. त्याच्या लांबच लांब रेणूसाखळ्या त्या वेळी भांड्यात विस्कटलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सुमारे १६५ अंश सेल्सिअसच्या खाली येऊन तो रस गार होऊ लागला, की काही साखळ्या घडी घालून शिस्तीत रचल्या जातात. हे स्फटिक एका बिंदूपासून सगळीकडे वाढतात आणि त्यांचे बारीक गोळे तयार होतात. हे झाले प्लास्टिकचे रवे. उरलेल्या साखळ्या तशाच विस्कटलेल्या राहतात.

स्फटिकाच्या भागात साखळ्या दाटीने बसतात, विस्कटलेल्या भागात सैल. घन सेंटिमीटरला स्फटिकाचे वजन सुमारे ०.९४ ग्रॅम, तर विस्कटलेल्या भागाचे सुमारे ०.८५ ग्रॅम भरते. घनता बदलली की प्रकाश वाकण्याचे प्रमाणही बदलते. त्यामुळे एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना प्रकाशाचा किरण थोडा वळतो, पुन्हा वळतो, आणि असे असंख्य वेळा होऊन चहूकडे विखुरतो. धुके आणि दूध पांढरे दिसते तेही अशाच विखुरण्यामुळे.

इथे रव्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. साध्या पॉलिप्रोपिलीनमधले गोळे याच्या कितीतरी पट मोठे, दहा-वीस हजार नॅनोमीटर किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतात. एवढे मोठे अडथळे प्रकाश सहज विखुरतात. हेच गोळे तरंगलांबीपेक्षा लहान ठेवता आले, तर प्रकाश त्यांची फारशी दखल न घेता पुढे जातो आणि वस्तू स्वच्छ दिसते.

रवा बारीक ठेवण्याचा पहिला उपाय म्हणजे तुपासारखेच झटकन थंड करणे. साच्याच्या पोलादात आडव्या-उभ्या नळ्या कोरलेल्या असतात आणि त्यांतून चिलरचे गार पाणी फिरते. साचा गार ठेवला तर रवे वाढायला वेळ मिळत नाही. पण यालाही मर्यादा आहे. प्लास्टिकमधून उष्णता फार हळू वाहते, पोलादाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. साच्याला टेकलेला थर क्षणात गोठतो आणि स्वच्छ राहतो. जाड भिंतीच्या पोटातला रस मात्र बराच वेळ गरम राहतो आणि तिथे रवे पोसले जातात. घरातला पॉलिप्रोपिलीनचा पारदर्शक डबा उजेडाकडे धरला तर हे दिसते. त्याची पातळ भिंत स्वच्छ असते, तर जाड कड किंवा तळाचा मधला भाग जास्त दुधी असतो.

पेणच्या बाजारात पोह्यांचे पापड ज्या चकचकीत, कुरकुरणाऱ्या पिशव्यांत मिळतात तसल्या पिशव्यांमागेही बरेचदा हेच तंत्र असते. पॉलिप्रोपिलीनचा पातळ फुगा यंत्रातून बाहेर पडताच त्याला थेट पाण्याने थंड केले जाते, म्हणून त्याची फिल्म काचेसारखी निघते. फुगा नुसत्या हवेवर थंड केला तर तेच प्लास्टिक धूसर दिसते.

चिमूटभर विरजण

दुसरा उपाय असा की रवे मोजके नकोत, असंख्य हवेत. प्रत्येक रव्याला वाढायला एक सुरुवातीचा बिंदू लागतो. असे बिंदू मोजके असले की प्रत्येक रवा मोठा होतो. लाखो बिंदू एकदम मिळाले तर सगळे एकमेकांना लगेच भिडतात आणि कुणीच मोठा होत नाही. विरजणासारखा चिमूटभर पदार्थ मिसळून हे साधता येते.

पॉलिप्रोपिलीनसाठी यात सॉर्बिटॉलपासून बनवलेली संयुगे फार वापरली जातात. सॉर्बिटॉल म्हणजे टूथपेस्टमध्ये आणि साखरमुक्त गोळ्यांत असते तेच. त्यापासून बनवलेले संयुग १ किलो दाण्यांत साधारण २ ग्रॅम पुरते. गरम रसात ते विरघळते आणि रस थंड होताना आधी स्वतः कोळ्याच्या जाळ्यासारख्या अतिसूक्ष्म तंतूंत गोठते. त्या तंतूंवर सगळीकडे एकदम प्लास्टिकचे बारीक स्फटिक धरतात.

मात्र हे विरजण आधी पूर्ण विरघळले पाहिजे. वीज वाचवायला किंवा रस लवकर गार व्हावा म्हणून यंत्राचे तापमान फार खाली ठेवले, तर विरजणाचे कण तसेच राहतात. महागडा दाणा वापरूनही माल धुरकट निघतो आणि दोष मात्र दाण्याला दिला जातो. उलट तापमान गरजेपेक्षा वाढवले किंवा रस यंत्राच्या गरम नळीत जास्त वेळ तुंबून राहिला, तर साखळ्या तुटू लागतात, मालावर पिवळसर झाक येते, कधी जळालेले काळे ठिपकेही दिसतात. वाया गेलेला माल दळून पुन्हा पुन्हा वापरला तर ही पिवळी झाक वाढत जाते, कारण प्रत्येक वेळी त्याला नव्याने भाजले जाते.

पावसाळ्याचा हात

रायगड जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. पेणच्या मूर्तिकाराला या दिवसांत माती वाळवताना नाकी नऊ येतात. अशा हवेत मोल्डिंग करणाऱ्यालाही दोन वेगळ्या संकटांना तोंड द्यावे लागते.

पहिले संकट दाण्यांच्या आतले. पॉलिप्रोपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही. पण चष्म्याच्या भिंगांचे पॉलिकार्बोनेट आणि पाण्याच्या बाटल्यांचे पेट हवेतली ओल हळूच पिऊन घेतात. पॉलिकार्बोनेट २८० ते ३२० अंशांवर वितळवले जाते. एवढ्या उष्णतेत त्या ओलीची वाफ होते आणि ती रसात रेघोट्या ओढत जाते. वस्तूवर चंदेरी, पिसासारखे ओरखडे उठतात. याहून वाईट म्हणजे त्या उष्णतेत पाणी प्लास्टिकच्या साखळ्याच तोडते, त्यामुळे वस्तू ठिसूळ होते. म्हणून पॉलिकार्बोनेटचे दाणे आधी १२० अंशांवर तीन-चार तास सुकवून त्यांतली ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली आणावी लागते. पावसाळ्यात उघडे पडलेले पोते न सुकवता यंत्रात ओतणे म्हणजे नुकसान ठरलेलेच.

दुसरे संकट साच्यावरचे. पेटच्या बाटलीसाठी आधी जाड नळीसारखा तुकडा ओततात, त्याला प्रीफॉर्म म्हणतात. पुढे तो तापवून, फुगवून त्याची बाटली करतात. पेट स्वच्छ राहावे म्हणून प्रीफॉर्मचा साचा बर्फाच्या जवळपास जाईल इतक्या गार पाण्यावर ठेवतात. अशा गार पोलादावर दमट हवेतले पाणी साठते, जसे पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर. तो थेंब मालावर डाग सोडतो. त्यामुळे अशा यंत्राभोवती कोरडी केलेली हवा सोडावी लागते. साच्याचे तापमान दोन-चार अंशांनी वाढवून घाम टाळता येतो, पण मग जाड प्रीफॉर्मच्या पोटात दुधी ढग धरू शकतो.

भिजलेली घाई, गोठलेला ताण

आतापर्यंतचे वाचून कुणालाही वाटेल की स्वच्छ माल हवा तर साचा गार ठेवावा, एवढेच सूत्र आहे. पण पॉलिकार्बोनेट, अॅक्रेलिक आणि साधे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकांना हे सूत्र उलटे लागू होते. त्यांच्या साखळ्या गार होतानाही शिस्तीत बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात रवे नसतातच. म्हणूनच ती मुळात काचेसारखी असतात. अॅक्रेलिकच्या तावातून तर सुमारे ९२ टक्के प्रकाश पार जातो. या प्लास्टिकांना धोका असतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो थेट पेणच्या शाडूच्या मूर्तीसारखा आहे.

गरम रस मोठ्या दाबाने साच्यात घुसतो तेव्हा साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात. साचा फार गार असेल तर बाहेरचा थर लगेच गोठतो आणि ताणलेल्या साखळ्या आहे त्या अवस्थेत अडकून पडतात. मग आतला गरम गाभा गार होऊन आकसू लागतो, पण बाहेरचे कवच त्याला आकसू देत नाही. दोघांची ओढाताण वस्तूच्या पोटात कायमची गोठते. मातीला अशा वेळी तडा जातो. प्लास्टिक चिवट असल्यामुळे ते लगेच फुटत नाही, ताण पोटात घेऊन बाजारात जाते. हा ताण कमी करायचा तर पॉलिकार्बोनेटचा साचा उलट गरम, साधारण ८० ते १२० अंशांवर ठेवावा लागतो. गरम साच्याला रस नीट चिकटून बसतो, त्यामुळे साच्याची आरशासारखी पॉलिश मालावर जशीच्या तशी उतरते आणि चकाकीही चांगली येते.

हा ताण साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाशाला तो कळतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५च्या सुमारास पाहिले की काचेला दाबले की तिच्यातून जाणारा ध्रुवीकृत प्रकाश दोन वाटांनी वेगवेगळ्या वेगाने जाऊ लागतो. याला दुहेरी अपवर्तन म्हणतात. पारदर्शक प्लास्टिकचेही असेच होते. प्लास्टिकमध्ये ताण गोठलेला असेल तर ध्रुवीकृत प्रकाशात त्याचे इंद्रधनुषी पट्टे दिसतात.

हा प्रयोग घरीही करता येतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडावे, कारण त्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवीकृतच असतो. पडद्यासमोर मुलांच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी, कोनमापक किंवा लग्नसमारंभात मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा चमचा धरावा आणि तो पोलरॉइड गॉगलमधून पाहावा. गॉगल हळूहळू फिरवत गेले की पट्टीत रंगांच्या लाटा उमटतात. वस्तूवर एके ठिकाणी छोटा, तुटलेला टोकासारखा भाग असतो, तिथून रस साच्यात शिरलेला असतो. रंगांचे पट्टे बहुतेक वेळा तिथे सर्वांत दाट दिसतात. जिथे पट्टे दाट आणि जवळजवळ, तिथे ताण भराभर बदलतो. वस्तूला भविष्यात तडा जाण्याचा धोका अशा जागी जास्त असतो.

संगीताच्या सीडीमुळे मोल्डिंगवाल्यांना हा धडा जगभर गिरवावा लागला. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. लेझरचा किरण त्या जाडीतून आरपार जाऊन खालची नोंद वाचतो. चकतीत ताण गोठला असेल तर किरण बिघडतो आणि यंत्राला नोंद नीट वाचता येत नाही. डोळ्याला निर्दोष दिसणारी चकती म्हणूनच नाकारली जाऊ शकत असे.

एका सेकंदाची किंमत

मग कारखानदार वस्तू निवांत थंड का होऊ देत नाही? यामागे साधा हिशेब असतो. दाणा वितळवणे, साच्यात भरणे, थंड करणे, वस्तू बाहेर काढणे या फेऱ्याला कारखान्यात सायकल म्हणतात. तिच्यातला निम्म्याहून अधिक वेळ बहुधा थंड करण्यातच जातो. शिवाय भिंतीची जाडी दुप्पट केली की थंड होण्याचा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो.

समजा, एका साच्यात एका वेळी १६ वस्तू निघतात आणि एका फेऱ्याला १२ सेकंद लागतात. म्हणजे तासाला ३०० फेरे. त्यातला एकच सेकंद वाचवला तर तासाला सुमारे ३२७ फेरे होतात. आठ तासांच्या पाळीत साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू जास्त निघतात. नगावर मजुरी आणि नगावर नफा ठरत असेल तर हा एक सेकंद फार मोहाचा ठरतो. वस्तू अर्धवट गरम असतानाच साच्यातून ढकलली जाते. साचा अधिक गार करून फेरा आखूड केला जातो. दोन्ही वेळा वस्तू बाहेरून ठीकच दिसते.

चांगले कारखाने हा मोह आकड्यांनी रोखतात. नमुन्यातून प्रकाश पाठवून तो किती विखुरतो हे मोजणारी यंत्रे असतात. मूळ दिशेपासून अडीच अंशांहून जास्त वळलेल्या प्रकाशाचे प्रमाण म्हणजे धूसरपणा, अशी त्याची जगभर मान्य असलेली मोजणी आहे. वैद्यकीय वस्तूंच्या बाबतीत दाण्याची तुकडी, रसाचे तापमान, साच्याचे तापमान, दाब आणि वेळ यांची नोंद ठेवली जाते, कारण नंतर कुठे दोष सापडला तर त्या पाळीपर्यंत मागे जाता आले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या संस्थांत प्लास्टिकच्या कामाचे शिक्षण घेणाऱ्यांना हेच मोजमाप शिकवले जाते.

ग्राहकाने काय पाहावे

या साऱ्याचा ग्राहकाला उपयोग आहे, पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. काचेसारखे चकाचक प्लास्टिक म्हणजे चांगले आणि दुधी म्हणजे हलके, असे नाही. पॉलिप्रोपिलीनचा दुधीपणा हा घाणीचा किंवा विषाचा पुरावा नाही, तो स्फटिकांचा आहे. उलट चकचकीत डबा अन्नासाठी योग्य असेलच असे नाही. त्यासाठी तळाचे चिन्ह आणि अन्नासाठी योग्य असल्याची खूण पाहावी लागते. त्रिकोणातला ५ हा आकडा पॉलिप्रोपिलीनचा, १ हा पेटचा, तर पॉलिकार्बोनेट ७ या 'इतर' गटात येते.

वस्तू घरी आल्यावर तिच्यात जो बदल होतो तो मात्र बरेच सांगतो. बाळाची बाटली वारंवार उकळल्याने तिच्यातले स्फटिक आणखी वाढू शकतात आणि ब्रशच्या चरांनी पृष्ठभागही खरखरीत होतो. धुऊनही बाटली धूसरच राहत असेल, आतला थर दिसत नसेल, तर ती बदलावी. चरांत दूध अडकते आणि ते दिसत नाही, हा दुहेरी धोका आहे.

हेल्मेटची काच आणि चष्म्याची पॉलिकार्बोनेटची भिंगे पेट्रोल, थिनर किंवा अॅसिटोनने कधीही पुसू नयेत. ज्या जागी ताण गोठलेला असतो तिथे अशी द्रावणे साखळ्यांमध्ये शिरतात आणि बारीक, चंदेरी भेगांचे जाळे उमटते. आज नुसते धुरकट वाटणारे ते जाळे उद्या आघाताच्या वेळी फुटण्याची जागा ठरते. सौम्य साबण आणि पाणी पुरते. बिनफ्रेमच्या चष्म्यात स्क्रूच्या छिद्राभोवती अशा रेघा दिसू लागल्या तर दुकानदाराला दाखवणे बरे. पाण्याच्या मोठ्या जारच्या गळ्याशी किंवा तळाशी भेगा दिसल्या तर तो जार परत करावा.

एकदा वापरायची सिरिंज उकळून पुन्हा वापरू नये, हा नियम मुळात संसर्गाच्या धोक्यामुळे आहे. त्याला प्लास्टिकच्या बाजूनेही आधार आहे. ती एकदाच वापरण्याच्या हिशेबाने घडवलेली असते. उष्णतेने तिचे माप आणि दट्ट्याची पकड दोन्ही बिघडू शकतात.

नागोठण्याच्या पोत्यातला दाणा कोणत्या यंत्रावर, कोणत्या हंगामात आणि किती घाईत वितळेल, हे तो कारखान्यातून निघताना ठरलेले नसते. पुढचा यंत्रचालक दाणे सुकवतो की नाही, चिलरचे पाणी तपासतो की नाही, फेऱ्यातला तो एक सेकंद सोडतो की राखतो, यावर ते ठरते. हमरापूरच्या कारखान्यात सावलीत मांडलेल्या मूर्तींच्या रांगेतून कारागीर फिरतो आणि अंगठ्याने हलकेच दाबून माती कितपत वाळली ते पाहतो. प्लास्टिकच्या बाबतीत तो अंगठा यंत्रावरच्या आकड्यांचा असतो. त्यांची काळजी कुणी घेतली असेल, तर दूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात उजेडाकडे धरलेल्या सिरिंजमध्ये तो बुडबुडा परिचारिकेला वेळीच दिसतो.